थोरले जावई आणि वसंतरावांचा टर्बो

माझ्या हातून आजवर पुष्कळ गाड्या बंद पडल्या आहेत. एकच गाडी बंद पडली नाही, आणि ती बंद पडावी म्हणून त्या दिवशी दोन घराणी, एक भटजी आणि खंडव्याची अख्खी एक गल्ली देव पाण्यात घालून बसली होती.

मी तेव्हा बुऱ्हाणपुरातल्या एका हायस्कुलात फिजिक्स शिकवत होतो. त्या वर्षांत देशाची दारं जगासाठी उघडली, असं पेपरात रोज छापून यायचं. त्या उघड्या दारांतून इतर शहरांत काय काय आलं असेल ते असो, आमच्या गावात सगळ्यात आधी 'टर्बो' हा शब्द आला. टेबलफॅन टर्बो, मिक्सर टर्बो, केळीला पाणी देणारी मोटर टर्बो! आमच्या चौकातल्या न्हाव्यानेसुद्धा पाटी बदलून 'टर्बो हेअर कटिंग' अशी करून घेतली. (केस पूर्वीच्याच वेगाने कापायचा. वेग फक्त गप्पांचा वाढला होता.)

माझ्या गाडीला मात्र टर्बोचा वारासुद्धा लागलेला नव्हता. नेपानगरच्या एका निवृत्त इंजिनियरकडून घेतलेली ती जुनी, पांढरी, छोटी डिझेल गाडी. थंडीत तिला सुरू करणं म्हणजे एक अनुष्ठानच होतं. किल्ली अर्धी फिरवायची, पिवळा दिवा लागायचा, आतली हीटरची कॉइल तापेपर्यंत हात जोडून बसायचं, दिवा विझला की किल्ली पूर्ण फिरवायची. मग गाडी आधी खोकायची, मग थरथरायची, मग गल्लीत इतका धूर सोडायची की समोरच्या काकू वाळत घातलेले कपडे मुकाट्याने आत न्यायच्या. एकदा सुरू झाली की ती कुठेही जायची. फक्त कधी पोचेल, हे विचारायचं नाही.

आणि तशात आमचे साडू वसंतराव यांनी टर्बोवाली जीप घेतली.

वसंतराव म्हणजे मंदाच्या, माझ्या बायकोच्या, पाठच्या बहिणीचे, कुसुमचे यजमान. शहापूरकडे त्यांच्या केळीच्या बागा. जीप जुनीच होती, कुणा ठेकेदाराने वापरून सोडलेली. पण मागच्या दारावर लाल अक्षरांत 'टर्बो' असं लिहिलेलं होतं आणि वसंतराव गाडीच्या पुढच्या काचेपेक्षा ती अक्षरं जास्त पुसायचे. सासूबाईंकडे जेवायला आले की दारात गाडी उभी करायचे आणि उतरायचेच नाहीत. इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर, नजर शून्यात.

सासूबाई उंबऱ्यातून हाका मारायच्या, "अहो जावईबापू, या ना आत! पोळी थंडी होऊन राहिली."

"थांबा आई. आधी टर्बो थंडा होऊ द्या."

मग मला विचारायचे, "सर, तुमच्या गाडीले थंडं करावं नाही लागत ना?"

"नाही," मी म्हणायचो.

"हां. गरमच होत नसंल."

आता फिजिक्सच्या माणसाने हे किती दिवस ऐकून घ्यायचं? एकदा भर पंगतीत मी त्यांना टर्बो समजावून सांगितला. "वसंतराव, तुमचा टर्बो म्हणजे काय? इंजिनाने बाहेर टाकलेल्या धुरावर एक पंखा फिरवायचा, आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या पंख्याने हवा पुन्हा इंजिनात कोंबायची. म्हणजे उष्ट्या वाऱ्यावर मोठेपणा! माझं इंजिन स्वतःच्या छातीने श्वास घेतं."

"हो ना," वसंतराव वरण ओरपत म्हणाले, "म्हणून तर त्याले दम लागतो."

पंगत हसली. मंदासुद्धा हसली, हे मी लक्षात ठेवलं.

सासरे आधीच वारलेले. त्यामुळे सर्वांत धाकट्या मेहुणीचा, लताचा साखरपुडा ठरला तेव्हा कन्येच्या बापाच्या जागी पाटावर बसायचा मान थोरला जावई म्हणून माझ्याकडे आला. मुलगा सुहास, नेपानगरच्या कागद कारखान्यात मशीनवर सुपरवायझर, घर खंडव्याला. त्याचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणायचे. त्यांचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता, म्हणून साखरपुडा त्यांच्या दारात, खंडव्यात. बोलणी करायला गेलो तेव्हा त्यांनी खिशातलं घड्याळ काढून मला दाखवलं होतं.

"मुहूर्त अकरा चाळीसचा. अकरा चाळीस म्हणजे अकरा चाळीस. पस्तीस वर्षं मी गाडी सोडली आहे सर. कुणासाठी थांबवली नाही. हा मुहूर्त हुकला तर भटजींच्या म्हणण्याप्रमाणे पुढचा वैशाखात, आणि वैशाखापर्यंत माझा विचार काय होईल, ते मी आत्ता सांगू शकत नाही."

लताला हे स्थळ मनापासून आवडलं होतं. (हे तिने सांगितलं नव्हतं. पण आठवडाभर ती कुणाशीही भांडली नव्हती, आणि आमच्या सासुरवाडीत याचा दुसरा अर्थ होत नाही.) तेव्हा उशीर करून चालणार नव्हतं. वसंतराव म्हणाले, "सगळेच माझ्या गाडीत चला, जरा दाटीनं बसू." मी म्हणालो, "थोरला जावई स्वतःच्या गाडीतून जाईल." या एका वाक्याची किंमत मी अजून चुकवतो आहे.

माघातली थंडी होती. सकाळी आठला आम्ही निघालो. माझ्या गाडीत मी, मंदा, सासूबाई, मावा जलेबीच्या दोन टोपल्या, दराब्याच्या मिठाईचे चार डबे आणि केळीचे तीन घड. घड वसंतरावांनीच आणून डिकीत टाकले होते. (त्यांच्या स्वतःच्या गाडीत जागा नव्हती म्हणे. त्यांच्या गाडीत फक्त कुसुम, लता आणि साड्यांची बॅग होती!) निंबोल्यापर्यंत रस्ता सपाट, तोवर सगळं झकास चाललं होतं. मी मंदाला म्हणालोसुद्धा, "बघितलंस? कुठे अडतंय टर्बोवाचून?"

अडलं असीरगढच्या चढावर.

चढ सुरू झाला तशी मी चौथा सोडून तिसरा टाकला, मग दुसरा, मग पहिला. त्याच्या खाली गिअर नसतो, नाहीतर तोही टाकला असता. अॅक्सिलेटर जमिनीला टेकलेला, इंजिन किंचाळतंय, आणि आम्ही मात्र एखाद्या समारंभात पावलं टाकावीत तसे निघालोय. मागे ट्रकांची रांग लागली. एक सायकलवाला सायकल हातात धरून पायी चालला होता, त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि सहानुभूतीने आपली चाल थोडी कमी केली.

सासूबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जावईबापू, गाडी चालून राहिली का उभी हाय?"

"चालते आहे आई."

"नाही, मले ते पळसाचं झाड कवाचं तिथंच दिसून राहिलं, म्हणून विचारलं."

मग बॉनेटखालून वाफ यायला लागली. मंदा म्हणाली, "अहो, आम्ही उतरून चालू का?" मी म्हणालो, "काही गरज नाही." तोवर सासूबाई उतरल्यासुद्धा होत्या. गाडी न थांबवता! चालत्या गाडीतून साठीची बाई आरामात उतरते आणि पदर सावरून पुढे चालू लागते, हे दृश्य मी आरशातून नव्हे, पुढच्या काचेतून पाहिलं. कारण त्या आमच्या पुढे गेल्या होत्या.

चढाच्या मध्यावर एक चहाची टपरी होती. आम्ही तिथे पोचलो तेव्हा सासूबाईंचा अर्धा चहा झाला होता. आमची वाट बघत वसंतरावही जीप घेऊन तिथेच थांबलेले. घड्याळात दहा वाजून गेलेले. माझ्या गाडीचं रेडिएटर चहावाल्याच्या किटलीच्या सुरात सूर मिसळून उकळत होतं.

वसंतराव माझ्या बॉनेटवर पाणी शिंपडून म्हणाले, "दम लागला बिचारीले."

निर्णय सासूबाईंनी दिला. "बापाच्या जागी थोरल्या जावयाले बसायचं हाय. ते टायमावर पोचले पाहिजेत. सगळे त्या गाडीत बसा, जलेबी पण घ्या."

"आणि माझी गाडी? इथे रस्त्यात टाकून?" मी म्हणालो.

वसंतराव डोकं खाजवत म्हणाले, "मी थांबतो सर. थंडी झाली की तुमची गाडी घेऊन येतो मागून. तुम्ही..." इथे त्यांनी मागच्या दारावरच्या लाल अक्षरांवरून एकदा रुमाल फिरवला. "तुम्ही माझी न्या."

किल्ली माझ्या हातात ठेवताना त्यांचा चेहरा असा झाला, की कुणाला वाटावं साखरपुडा जीपचाच आहे. "सर, टर्बोले समजून घ्या. दाबलं की तो लगेच नाही ऐकत. एक-दो-तीन म्हणा, मंग एकदम ऐकतो. आणि पोचल्यावर, तुमच्या पाया पडतो, लगेच बंद नका करू. दोन मिनिटं चालू ठेवा."

"वसंतराव, मी फिजिक्स शिकवतो."

"म्हणूनच सांगून राहिलो," ते म्हणाले आणि माझ्या गाडीसाठी पाणी आणायला टपरीमागच्या हापशीवर गेले.

आता मी खरंच जबाबदार माणूस. परक्याची गाडी न्यायची तर आधी तेल-पाणी बघावं, एवढी शिस्त माझ्या अंगात आहे. (नसती तर बरं झालं असतं.) मी जीपचं बॉनेट उघडलं, इंजिन ऑइलची मोजपट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. पट्टीच्या टोकाला तेलाचा नुसता ओला वास! मला मनातल्या मनात इतका आनंद झाला म्हणून सांगू. हाच का तो टर्बोचा मालक! दोन मिनिटं थंड करतो आणि तेल घालत नाही!

माझी गाडी तेल प्यायची, म्हणून माझ्याकडे डिकीत तेलाचा डबा कायम असायचा. तो मी आणला आणि सगळा जीपमध्ये ओतला. वसंतरावांना सांगितलं नाही. म्हटलं, उपकार बोलून दाखवू नयेत.

निघालो. मी क्लच सोडला, अॅक्सिलेटर दाबला. काही नाही. आणखी दाबला. काही नाही. "एवढाच का तुमचा टर्बो?" असं मी कुसुमला विचारणार, तोच बॉनेटखालून एक शिट्टी ऐकू आली आणि पाठीमागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी जीप उधळली! सासूबाईंचं डोकं मागे, पाय वर, तोंडातून "गजानना!" आणि तो मघाचा सायकलवाला, जो आता चढाच्या माथ्यावर पोचला होता, आम्हाला येताना बघून सायकलसकट झुडपात शिरला.

खरं सांगतो, त्या क्षणी माझी सगळी तत्त्वं हवेत उडाली. असीरगढचा किल्ला उजव्या हाताला आला म्हणेपर्यंत मागे पडला. मला ट्रक दिसायचे आणि लगेच ते मागे असायचे. एक-दो-तीन, शिट्टी, लाथ! एक-दो-तीन, शिट्टी, लाथ! वीस वर्षं ज्याला सगळे ओव्हरटेक करत आले, त्या माणसाच्या पायाखाली टर्बो आला की त्याचं काय होतं, हे पाहायला तेव्हा गाडीत चार बायका होत्या, आणि चौघीही डोळे मिटून होत्या.

"अहो, जरा हळू," मंदा म्हणाली.

"हळूच आहे. हवेचा दाब वाढला की ज्वलन चांगलं होतं. उत्तम यंत्र आहे हे."

"उष्टा वारा म्हणाला होतात."

"विज्ञानात मतं बदलतात!"

घाट मागे टाकून बरंच पुढे आल्यावर लता मागे वळून म्हणाली, "भाऊजी, मागे काही दिसत नाहीये."

"सगळे मागे राहिले ना, म्हणून."

"नाही, म्हणजे रस्ताच दिसत नाहीये. पांढरं पांढरं झालंय."

"धूळ असेल," मी म्हणालो. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आता अॅक्सिलेटरवरचा पाय उचलला तरी गाडीचा वेग म्हणावा तसा उतरत नव्हता. मी मनात म्हटलं, वा! टर्बो!

अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही गार्डसाहेबांच्या दारात होतो. छोटा मंडप, झेंडूच्या माळा, टेपवर सनई. दारातच आरामखुर्चीत गार्डसाहेब, प्लास्टरचा पाय स्टुलावर, अंगावर मानाचं लाल उपरणं, हातात घड्याळ. वीस मिनिटं आधी आलेली पार्टी बघून त्यांचा चेहरा जो खुलला! "शाब्बास सर! याला म्हणतात राइट टाइम."

बायका उतरल्या. मी वसंतरावांचा शब्द पाळायला आतच बसून राहिलो. इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर, नजर शून्यात. गार्डसाहेबांनी विचारलं, "काय सर, उतरत नाही?"

"टर्बो थंड होतोय," मी म्हणालो. जन्मात एकदा तरी हे वाक्य म्हणायचं होतं मला!

दोन मिनिटं झाली. मी किल्ली फिरवली आणि काढून खिशात टाकली. इंजिन हळू झालं, थांबतंय असं वाटलं आणि... पुन्हा चालू झालं.

मी खिशात हात घातला. किल्ली खिशातच होती.

इंजिनाचा आवाज वाढला. आपोआप. आधी गुरगुर, मग घरघर, मग असा काही आक्रोश की सनई कुणाला ऐकूच येईना. मी किल्ली पुन्हा लावली, फिरवली, काढली. अॅक्सिलेटरला पायसुद्धा नव्हता. दोन्ही पाय मी सीटवर घेतले होते. जीप जागच्या जागी थडथड नाचत होती आणि मागून पांढऱ्या-निळ्या धुराचा असा लोट निघाला की मंडप दिसेनासा झाला. धुरातून फक्त भटजींचा आवाज येत होता, ते माईकवर सांगत होते, "कृपया मंडळींनी पादत्राणं बाहेर काढावीत."

"सर, गाडी बंद करा!" गार्डसाहेब ओरडले.

"बंदच आहे!" मी किल्ली दाखवत ओरडलो.

पस्तीस वर्षांची नोकरी वाया जात नाही. गार्डसाहेबांनी अंगावरचं लाल उपरणं ओढलं आणि दोन्ही हातांनी वर धरून माझ्यापुढे जोरजोरात हलवायला सुरुवात केली. पण त्या इंजिनाने रेल्वेत नोकरी केलेली नव्हती. तेवढ्यात बॉनेटमधून फाट्कन आवाज झाला, आणि डॉक्टरांनी ज्यांना महिनाभर पाय जमिनीला टेकवू नका म्हणून सांगितलं होतं ते गार्डसाहेब सगळ्यांच्या आधी गल्लीच्या तोंडाशी दिसले. बाकीची मंडळी त्यांच्या मागे. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी "आग! आग!" म्हणत बादलीभर पाणी ओतलं, ते बरोबर माझ्यावर. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं ना.

"गिअरमध्ये टाका! क्लच सोडा! इंजिन बंद पडेल!" कुणीतरी सांगितलं. जीपचं तोंड मंडपाकडे होतं, आणि मंडपात अजून भटजी होते. मी गिअरला हात लावला नाही. त्या दिवसातला माझा हा एकमेव शहाणपणाचा निर्णय, आणि तोही दोन्ही पाय सीटवर होते म्हणून.

मंदा दुरून ओरडली, "अहो, काहीतरी करा! तुम्हाला येतं ना हे सगळं!"

मी खरंच विचार केला. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त दहावीच्या प्रॅक्टिकलचे मार्क येत होते.

आणि धुरातून लता आली. डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांत धुराचं पाणी. "भाऊजी! मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की काय होतं?"

"काय होतं?" मी विचारलं. (फिजिक्स शिक्षक!)

"विझते! आम्हाला वर्गात तुम्हीच दरवर्षी करून दाखवायचात! याची हवा बंद करायला हवी!"

"तेच, तेच करतोय!" दुसऱ्या बाजूने आवाज आला. हा सुहास. रेशमी कुर्त्याच्या बाह्या वर, बॉनेट उघडलेलं, तो एअर फिल्टरच्या क्लिपा उपटत होता. "फिल्टर निघाला! तोंडावर काहीतरी दाबायला द्या, सपाट!"

लता मंडपात धावली. तिने चौरंगासमोरचा पाट उचलला, म्हणजे तोच, ज्यावर तिला बसायचं होतं. वाटेत गार्डसाहेबांचं टाकून दिलेलं लाल उपरणं पडलं होतं, तेही घेतलं. उपरण्याची घडी त्या तोंडावर, घडीवर पाट, पाटावर सुहासचे दोन हात, आणि ते पुरेनात म्हणून त्या हातांवर लताचे दोन हात! इंजिनाने एक घुसमटलेला आचका दिला, जीप एकदा शेवटची थरथरली आणि गप्प झाली.

अशी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. धूर हळूहळू वर गेला. दोघंही अजून पाटावर हात दाबून उभी. त्याचं तोंड काळं, हिचं नाक काळं. सुहासने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आता सोडलं तरी चालेल."

लता म्हणाली, "आणखी दोन मिनिटं राहू द्या. भरवसा नाही."

हात तसेच राहिले. मुहूर्ताच्या आधी, सगळ्या वडीलधाऱ्यांदेखत! सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय हो. तुम्ही नसते तं आपल्याले कसं समजलं असतं?" हे कौतुक होतं की काय, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गार्डसाहेबांना दोघांनी उचलून आणलं. प्लास्टरला तडा गेला होता. त्यांनी घड्याळ बघितलं: अकरा छत्तीस. मी ओलाचिंब, हात जोडून समोर उभा. "साहेब, चूक झाली. तुमचा जो निर्णय असेल..."

त्यांनी एकदा मुलाच्या काळ्या तोंडाकडे आणि एकदा लताच्या काळ्या नाकाकडे बघितलं. मग भटजींना म्हणाले, "चार मिनिटं आहेत. सुरू करा. आणि मुलीचा पाट तिकडे इंजिनावर आहे, तो आणा कुणीतरी. पुसू नका. राहू द्या तसाच."

साखरपुडा वेळेवर झाला. पाटावर बसून मी बापाचं कर्तव्य पार पाडलं. धोतर गार्डसाहेबांचं, सदरा सुहासच्या काकांचा. जेवणं चालू असताना वसंतराव माझी गाडी घेऊन आले. माझ्याशिवाय, जलेबीशिवाय आणि सासूबाईंशिवाय ती चढ हसत चढली होती म्हणे. "सर, लई गुणाची गाडी हाय तुमची," ते म्हणाले आणि त्यांना आपली जीप दिसली. त्यांनी बॉनेटवर हलकेच हात ठेवला.

"सर... बंद करायच्या आधी दोन मिनिटं चालू ठेवली होती ना?"

"दोनहून जास्तच ठेवली," मी म्हणालो.

संध्याकाळी खंडव्याचा एक मिस्त्री आला. त्याने खालचा नट सोडून तेल काढायला सुरुवात केली. एक घमेलं भरलं, दुसरं भरलं, मग त्याने कुसुमकडे स्वयंपाकाचं पातेलं मागितलं. तेल येतच होतं. शेवटी तो हात पुसत उठला.

"इतना तेल किसने डाला? ज्यादा तेल होगा तो इंजन उसीको पीके चलेगा. डीझल बंद करो, चाबी निकालो, उसको क्या फरक पडता है?"

मी आभाळाकडे बघत होतो. मंदा म्हणाली, "यांनी घातलं. असीरगढच्या चढावर."

मिस्त्री माझ्याकडे वळला. "चढाव पे? गाडी की नाक ऊपर, और आपने पट्टी देखी? साब, सारा तेल तो पीछे गया होगा! बर्तन टेढा करो तो पानी किधर जाता है? पढे-लिखे नहीं हो क्या?"

"फिजिक्स शिकवतात," वसंतराव फार हळू आवाजात म्हणाले. त्यानंतर ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला वाटलं रडतायत. खांदे हलत होते. मग आवाज फुटला तेव्हा कळलं, आणि एकदा ते हसायला लागल्यावर गार्डसाहेब, भटजी, सासूबाई, कुणी थांबेचना! त्या हसण्यालाही किल्ली नव्हती.

लग्न वैशाखात झालं. वसंतरावांनी जीप विकून तोवर नवी गाडी घेतली होती, आणि लताची पाठवणी तिच्यातूनच ठरली. प्रत्येकाला कामं वाटून दिली. मला कुठल्याही गाडीची किल्ली, तेल, पाणी, हवा, काहीही द्यायचं नाही, असं दोन्ही घरांनी एकत्र बसून ठरवल्याचं नंतर कळलं. पण थोरल्या जावयाचा मान राहायला हवा. म्हणून गाडी निघताना चाकापुढे नारळ फोडायचं काम माझ्याकडे आलं. वसंतराव म्हणाले, "सर, याच्यात फिजिक्स नाही. निस्ता फोडायचा."

मी नेम धरला, हात वर नेला आणि सगळा जोर लावला. नारळ एकाच फटक्यात फुटला. हेडलाइटही.